तिरकी टोपी आणि आत्याचा गुडघा

आमच्या घराण्यात बोललेला शब्द मागे घेत नाहीत. यात अभिमान वाटावा असं काही नाही. हेकेखोर माणसं वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिली की असं होतं. माझे वडील एकदा चहा गोडमिट्ट झाला म्हणून आत्यावर, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीवर, डाफरले आणि "आजपासून माझ्या चहात साखर घालायची नाही" असं जाहीर करून बसले. पुढे कित्येक महिने ते वाईट तोंड करून बिनसाखरेचा चहा पीत राहिले. शेवटी आत्यानेच एक दिवस पैज लावली. समोरच्या घराची खिडकी उंचीला जास्त की रुंदीला, नुसतं बघून सांग, चुकलास तर साखर घालून प्यायचा. वडील ताबडतोब चुकले आणि लागोपाठ दोन कप प्यायले.

कारण आमच्याकडे शब्द मागे घेणं वेगळं आणि पैज हरणं वेगळं. शब्द मागे घेतला तर नाक कापलं जातं. पैज हरलेला माणूस मात्र कुरकुरत, नाइलाज झाल्याचं दाखवत, त्याला मनातून हवं असलेलं खुशाल करू शकतो. घरातल्या सगळ्या बंद दारांना ही एवढीच किल्ली आहे.

मीही त्याच मातीची. घरात मला मिरची म्हणतात, त्यावरून काय ते समजा. आई मी लहान असतानाच गेली आणि मला वाढवलं आत्याने. नववीत असताना गणिताच्या बाईंनी भर वर्गात मला ठोकळा म्हटलं. मी घरी येऊन दप्तर माळ्यावर फेकलं आणि शाळेची पायरी पुन्हा चढणार नाही असं सांगून टाकलं. वडिलांनी समजावलं, आवाज चढवला, शेवटी हात टेकले. आत्या पडद्यांच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड बेतायचं, शिवायचं, शिडीवर चढून पडदे लावून द्यायचे, सगळं तीच करायची. ती मला एक अक्षर बोलली नाही. एक दिवस तिने माझ्यापुढे कापड टाकलं आणि म्हणाली, शाळा सोडायची तर हातात काही कसब हवं. संध्याकाळपर्यंत एक पडदा सरळ शिवून दाखव. जमला तर उद्यापासून माझ्याबरोबर दुकानात, नाही जमला तर शाळेत.

त्या सॅटिनने माझा दिवसभर छळ केला. सुईखाली धरावं तर सटकायचं, टाचण्या लावाव्यात तर गोळा व्हायचं. संध्याकाळी पडद्याची खालची कड इतकी वेडीवाकडी झाली होती की बघणाऱ्याला घेरी आली असती. मी रडत माळ्यावरून दप्तर काढलं. पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, आणि आता मी रंगांच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून देते. त्यात सगळा खेळ प्रमाणाचा, म्हणजे गणिताचाच. त्या बाई एकदा भिंतीचा रंग घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना फार सुंदर पिस्ता रंग करून दिला.

वडील गेल्यापासून घरात आत्या आणि मी दोघीच. तिचा उजवा गुडघा शिड्या चढून चढून पार झिजला आणि शेवटी तो बदलावा लागला. ऑपरेशन छान झालं. पण भुलीतून बाहेर येताना आत्याने मला ओळखलंच नाही. बराच वेळ ती मला गिऱ्हाईक समजून खिडकीचं माप विचारत राहिली. मी हसत होते, नर्स हसत होती. शुद्धीवर आल्यावर मी तिला ही गंमत सांगितली, तर ती हसली नाही. "तू समोर उभी होतीस आणि मला माहीत नव्हतं?" एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून घेतलं. भूल या शब्दाचा तिने तेव्हापासून धसका घेतला.

आणि नेमकं तेच पुढ्यात येऊन ठेपलं. डॉक्टरबाईंनी घरी सोडतानाच बजावलं होतं, गुडघा रोज वाकवा, दुखला तरी वाकवा. पुढच्या तपासणीपर्यंत तो काटकोनात वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन आम्हाला तो जबरदस्तीने वाकवावा लागेल. तेव्हाही नाही वाकला तर शिडी विसरा.

मग घरी फिजिओथेरपिस्ट आला. पोरगेलासा, हसतमुख, हाताने अगदी लोखंड. आत आला आणि म्हणाला, "आजी, थोडं दुखेल हं."

आत्याचं वय तेव्हा साठीच्याही अलीकडचं होतं. केस ती नियमाने काळे करायची. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याने पाय दाबला, ती किंचाळली, आणि त्या किंचाळण्यातच वाक्य पूर्ण केलं, "या माणसाने सांगितलेला एकही व्यायाम मी करणार नाही." बिचाऱ्याला वाटलं, दुखतंय म्हणून बोलल्या, उद्या करतील. मला मात्र घाम फुटला. माणूस वाईट नव्हता. मी त्याला दाराबाहेर गाठून आजी म्हणू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो मावशी म्हणायला लागला, पण शब्द तर गेला होता. आत्या पाय खुर्चीवर सरळ ठेवून बसून राहायची, आणि पाय दिवसेंदिवस फळीसारखा होत चालला.

आता इथे माझं वेड सांगायला हवं. दुपारी आमच्या दुकानात शुकशुकाट असतो. त्या रिकाम्या वेळात मला स्पीड स्केटिंगचा नाद लागला. बर्फाच्या लांबट गोल ट्रॅकवर दोघं दोघं सुटतात, पायात लांब पाती, कमरेत वाकून, गुडघे इतके मुडपून की जणू न दिसणाऱ्या स्टुलावर बसलेत. शेजाऱ्याच्या पुढे राहिलं म्हणजे जिंकलं असं नाही. खरी लढत घड्याळाशी. सगळ्या जोड्या धावून झाल्या की ज्यांची वेळ सगळ्यात कमी, ते तिघं पदकाचे मानकरी. मी मोसमभराचे निकाल वाचायची, कोण शेवटच्या फेरीत ढेपाळतं, कोणाला आतली बाजू मानवते, सगळं मला तोंडपाठ. दुकानातल्या लोकांना मी शर्यतीआधी तीन पदकं सांगायची आणि बहुतेक वेळा ती बरोबर यायची. मला त्याची चांगलीच घमेंड होती.

चार वर्षांनी येणारी मोठी स्पर्धा त्याच दिवसांत सुरू झाली. संध्याकाळी मी टीव्ही लावला. आत्या नाक मुरडत बघत होती, आणि एकदम पुढे झुकली.

"यांचे गुडघे बघ गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात असूया होती, पण त्याखाली आणखीही काही होतं. मी संधी साधली. म्हटलं, पैज लावतेस? रोज शर्यतीआधी तू एकच नाव सांगायचं. त्याला कुठलंही पदक मिळालं, सोन्याचं नाही तर कांस्य, तर तू जिंकलीस, त्या दिवशी व्यायाम माफ. नाही मिळालं तर गुमान व्यायाम.

आत्याने थोडा विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाली, तुझे तिघं कोण ते आधी सांग, म्हणजे मला कळेल तरी कोण कसं आहे. मी तिला ऐसपैस समजावून सांगितलं. तिने मान डोलावत, मधूनमधून प्रश्न विचारत सगळं ऐकून घेतलं आणि मग भलत्याच एका मुलीकडे बोट दाखवलं. का, तर तिचे दात छान आहेत. ती मुलगी शेवटून दुसरी आली. आत्या म्हणाली, काय नशीब मेलं, आणि पलंगाच्या काठावर जाऊन बसली. फिजिओथेरपिस्टने कागदावर काढून दिलेल्या चित्रांप्रमाणे मी तिचा पाय वाकवला. तिने मला, त्याला, चित्र काढणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या, पण केला व्यायाम.

असं रोज चाललं. मी तीन नावं सांगायची, कारणांसकट. ती लक्ष देऊन ऐकायची आणि काहीतरी अचाट निकष लावून चौथाच कोणी निवडायची. एकजण तिने निवडला कारण त्याला सर्दी झालेली दिसत होती आणि तिला त्याची दया आली. सगळे सपशेल हरले. मला तिची कीव यायची आणि स्वतःचं कौतुक वाटायचं. फिजिओथेरपिस्ट यायचा, पाय मोजायचा, म्हणायचा, मावशी, फरक पडतोय. आत्या म्हणायची, काय करणार, हरले ना मी. पाय हळूहळू वाकत होता, पण काटकोन अजून लांब होता.

मग माझ्याच अंगात आलं. रोज तेच बोलणं, तेच रुसणं, दिवसातून एकदाच व्यायाम, याने काटकोन व्हायचा कधी? त्या दिवशी बायकांची पंधराशे मीटर होती, माझी सगळ्यात पक्की शर्यत. मी म्हटलं, आज एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तू हरलीस तर तपासणीपर्यंत दिवसातून तीनदा व्यायाम, कुरकूर नाही. जिंकलीस तर तपासणीपर्यंत मी या घरात गुडघ्याचं नाव काढणार नाही.

आत्या चपापली. रोजचीच बरी आहे की, म्हणाली. मी हट्टाला पेटले, तिला भित्री म्हणाले. आमच्या घरात भित्री म्हटलं की संपलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण मग दोघींनीही नाव काढायचं नाही. जी काढेल ती पैज हरली. चाललं तर बघ."

मी हो म्हटलं. माझी तीन नावं सांगितली. आत्याने त्या दिवशी वेळ घेतला. सगळ्या मुली नीट निरखल्या आणि मग एकीवर बोट ठेवलं. तिची घट्ट टोपी एका कानावर तिरकी बसली होती, त्यामुळे ती सगळ्या जगावर जरा रुसल्यासारखी दिसत होती. मोसमभरात ती पहिल्या दहातही आली नव्हती. आम्ही तिचं नाव तिरकी टोपी ठेवलं. मी मनातल्या मनात तीनदा व्यायामाचं वेळापत्रकही आखून टाकलं.

तिरकी टोपी आधीच्या एका जोडीत धावली आणि खरं सांगते, झकास धावली. आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ दिली. तरी मला काळजी नव्हती, कारण माझ्या तिघी अजून यायच्या होत्या. त्यांतल्या दोघी एकाच जोडीत होत्या. स्केटिंगमध्ये प्रत्येक फेरीत दोघी बाजू बदलतात, बाहेरची आत येते, आतली बाहेर जाते, आणि बाहेरून येणारीला वाट द्यायची असा नियम आहे. माझ्या एकीने ती दिली नाही. दोघी एकमेकींत अडखळल्या. एक बाद झाली. दुसरीला पंचांनी थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा धावू दिलं, पण तिच्या पायांत आता जीव नव्हता. माझी तिसरी पहिली आली, एक कोणीतरी दुसरी, आणि फळ्यावर तिसरं नाव तिरक्या टोपीचं झळकलं.

पोरगी तोंड झाकून रडत होती. मी आत्याकडे वळले. मला वाटलं होतं, आता ही टाळ्या पिटेल आणि मला टोमणे मारेल. पण आत्याचा चेहरा खर्रकन उतरला होता. ती टीव्हीकडे नाही, खुर्चीवर ठेवलेल्या आपल्या पायाकडे बघत होती. जिंकलेल्या माणसाचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज हरायचं म्हणजे सोपं नाही. डोळे मिटून बोट ठेवलं तरी आठवड्यात एखादं पदक लागतंच. आत्या रोज माझी तीन नावं का विचारून घेत होती? ती टाळता यावीत म्हणून. तिने पहिल्या दिवसापासून माझ्या अंदाजावर विश्वास टाकून हरायचा सपाटा लावला होता. व्यायाम तिला करायचाच होता. तिला त्या भुलीची धास्ती होती, मला पुन्हा न ओळखण्याची. फक्त तोंडातून गेलेला शब्द आड येत होता. आणि नेमका ज्या दिवशी मी सगळं पणाला लावलं, त्या दिवशी माझाच अंदाज चुकला.

आता पंचाईत अशी की मी काही करूच शकत नव्हते. मी गुडघ्याचं नाव काढलं तर हरणारी मीच, म्हणजे आत्याचा विजय आणखी पक्का. नाव काढायला हवं होतं तिनेच, आणि ती काढणार कशी? ठरवून हरली असं मला दिसलं असतं, आणि ते शब्द मागे घेण्याइतकंच लाजिरवाणं. आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी तळमळत होतो आणि दोघींच्या तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आला. गुडघा काय म्हणतो, मावशी, म्हणून त्याने विचारलं. आत्या म्हणाली, हवा बरी आहे आज. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, काल ढगाळ होतं. तो बिचारा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मी त्याला बाहेर नेऊन सगळं सांगावं म्हटलं, पण सांगताना नाव घ्यावं लागलं असतं, आणि दाराबाहेर ते चालतं की नाही हे ठरलेलं नव्हतं. त्याला वाटलं, दोघींचं डोकं फिरलंय. तो चहा पिऊन गेला.

पुढचे दिवस मी फार वाईट काढले. आत्या खुर्चीवर पाय सरळ ठेवून बसायची. उठताना आधी दोन दमांत उठायची, आता तीन लागायला लागले. मी दुकानात एका गिऱ्हाइकाला आकाशी रंगाऐवजी जांभळा मिसळून दिला. संध्याकाळी आम्ही सवयीने टीव्ही लावायचो, पण पैज नाही, नावं नाहीत, शिव्या नाहीत. मला त्या शिव्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. एकदा ती झोपेत पाय ओढून घेताना कण्हली, आणि मी उशीत तोंड खुपसून स्वतःला ठोकळा म्हटलं. गणिताच्या बाईंचं तेव्हा चुकलं असेल, आता बरोबर होतं.

मग पुरुषांची दहा हजार मीटर आली. ही सगळ्यात लांब शर्यत, फेऱ्यांमागून फेऱ्या, बघणाऱ्याला जांभया येतील अशी. आत्याला मात्र ती आवडली. तिच्या मते यात शिवणकामाचा दम होता. अगदी पहिल्या जोडीत एक वयस्कर खेळाडू होता, लांब चेहऱ्याचा, सुरकुतलेला. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. मास्तरची ही शेवटची स्पर्धा आहे असं निवेदक सांगत होता. तो एका तालात धावला, एकाही फेरीत घाई नाही, कंटाळा नाही. वेळ चांगली आली. मग तो टॉवेल गळ्यात टाकून ट्रॅकच्या मधोमध बाकावर बसला आणि बसूनच राहिला, कारण सगळ्यांआधी धावून झालेल्याच्या हातात पुढे काहीच नसतं. बाकीचे काय करतात ते बघत बसायचं.

एकेक जोडी झाली. मास्तर पहिल्याचा दुसरा झाला, दुसऱ्याचा तिसरा. मग कोणाला त्याची वेळ मोडता येईना. कॅमेरा सारखा त्याच्यावर जायचा. तो तसाच, कोपरं मांडीवर, पाय लांब सोडून. आत्याला राहवेना. याला कोणी पाणी का देत नाही, म्हणाली. याच्या घरचं कोणी नाही का, म्हणाली. शेवटची जोडी सुटली. त्यातला एक लंबूटांग्या मास्तरच्या वेळेच्या पुढे धावत होता. फेरीमागून फेरी पुढेच. निवेदकाचा आवाज चढला. मीही उभी राहिले. पुन्हा मास्तरचा चेहरा, पुन्हा तेच बसणं, पाय तसेच ताठ.

"अरे, किती वेळ बसशील असा," आत्या टीव्हीला म्हणाली. "ऊठ, जरा चाल, पाय हलव. माझ्या गुडघ्यासारखा होऊन बसेल मग."

टीव्ही ओरडत होता. आत्याने माझ्याकडे बघितलं नाही. तिने दोन्ही हातांनी आपला पाय उचलून खुर्चीवरून खाली ठेवला.

"हरले बाई," ती म्हणाली.

मी तिला पलंगाच्या काठाशी नेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी खाली बसून तिचा घोटा धरला. तिने पहिली शिवी हासडली तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. शर्यतीचा शेवट आम्ही पाहिलाच नाही. व्यायाम संपवून मान वर केली तेव्हा पदकं देत होते. लंबूटांग्या शेवटच्या फेऱ्यांत ढेपाळला होता. मास्तर सगळ्यात खालच्या पायरीवर चढत होता. पायरी काही उंच नव्हती, पण त्याने त्यासाठी गुडघा चांगला वाकवला.

"याचा बघ कसा वाकतो," आत्या म्हणाली. नाव काढायची आता मोकळीक होती. ती पदक मिळाल्यासारखी हसत होती. तिने ते बोलणं ठरवून काढलं की तोंडातून निसटलं, हे मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. आमच्या घरात असलं विचारत नाहीत.

तपासणीपर्यंत तिने दिवसातून तीनदा व्यायाम केला. फिजिओथेरपिस्ट चकित झाला आणि त्याला वाटलं, आपल्या चित्रांचा परिणाम. आम्ही वाटू दिलं. त्याने तिचा पाय दाबताना शिव्या खाल्ल्या, वर मावशी फार गोड आहेत असं मला जाताना सांगून गेला. त्या पोराचंही माझ्यावर ऋणच आहे.

डॉक्टरबाईंनी गुडघ्यावर कोनमापक ठेवला. आत्या भिंतीकडे बघत होती, तिथल्या खिडकीच्या पडद्याकडे. डॉक्टरबाईंनी दोनदा मोजलं आणि कोनमापक खिशात टाकला. काटकोन झाला, म्हणाल्या, आता भूल वगैरे काही नको. आत्याने मान हलवली आणि त्यांना सांगितलं की त्यांच्या खिडकीचा पडदा रुंदीला कमी पडतोय, आपण येऊन माप घेऊन जाऊ.

बाहेर आलो. आत्या काठी टेकत, पण गुडघा वाकवून, माणसासारखी चालत होती. फाटकाजवळच्या बाकावर ती बसली. बसली म्हणजे खरोखर बसली, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. तिला तसं बसलेलं बघून मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. पण मी बोलले.

"आत्या, नववीतली ती पैज तू मला हरवण्यासाठीच लावली होतीस ना? मला शाळेत परत जायचं होतं, आणि तुला ते कळलं होतं. म्हणून तू मुद्दाम ते सॅटिन दिलंस. मला आत्ता कळतंय गं. इतकी वर्षं मी त्या पडद्यावर रागावले होते. तू नसतीस तर माझं काय झालं असतं?"

आत्या ऐकत होती, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून. मला वाटलं, आता ती कुठलं सॅटिन म्हणेल आणि विषय उडवून लावेल. तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला, त्या नव्या गुडघ्याच्या जरा वर.

"सॅटिन नव्हतं ते, शिफॉन होतं," ती म्हणाली. "सॅटिनच काढलं होतं आधी. पण ते तुला जमलं असतं."